बिनपोटाचा कॉम्प्युटर

आमच्या घरात कोणतीही वस्तू सरळ आत येत नसे. आधी तिची उंबऱ्यावर चौकशी होई. नारळ आई कानाशी धरून हलवून बघे, गहू दाताखाली फोडून बघे, आणि गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या माणसाला दारात थांबवून त्याचं सील बोटांनी चाचपून बघे. तो वैतागून म्हणे, "मावशी, बॉम्ब नाही आणला." आई शांतपणे म्हणे, "बॉम्ब आणला असतास तर सही मागितली नसतीस." असले टोमणे ती पुण्यात शिकली. बाकी तिचं बोलणं अखेरपर्यंत भंडाऱ्याचंच राहिलं, 'मले', 'तुले', 'कायले' यांच्यासकट. धायरीच्या बाजारात भाजीवाल्या तिचं बोलणं ऐकून हसायच्या. ती त्यांच्या हसण्याकडे लक्ष द्यायची नाही, काट्याकडे द्यायची.

बाबांचा संशय वेगळ्या जातीचा होता. आईचा माणसांवर होता, बाबांचा शब्दांवर. तरुणपणी ते भंडाऱ्याहून पुण्याला आले ते एका कारखान्यात कामाला, आणि तिथे टीव्हीचे सुटे भाग जोडता जोडता त्यांना विजेच्या वस्तूंचं वेड लागलं. एके दिवशी साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि आपलं उत्तम चाललं आहे असं सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेटला कुलूप लागलं. तेव्हापासून कोणी 'उत्तम' म्हटलं की बाबांचा चेहरा मिटायचा. पुढे त्यांनी बिबवेवाडीत एका झेरॉक्सवाल्याच्या शेजारी, अर्ध्या गाळ्यात, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईक काय बिघडलं ते सांगत असे, बाबा मान डोलवत असत, आणि ते गेलं की म्हणत, "आता मशीनला विचारू." मग स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याजवळच्या पत्र्यावर टेकवून मूठ कानाला लावत. डॉक्टर जसे छातीचे ठोके ऐकतात तसे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला राळेचा वास असायचा, तारा जोडायला सोल्डरिंगचा डाग देताना वितळते त्या राळेचा. मला तो वास अजून आवडतो. आता डाग देताना मला दोन चष्मे लागतात, एकावर एक, आणि माझा मुलगा त्याला हसतो.

रविवारी मी बाबांच्या दुकानात बसायची. कॅबिनेट उघडायची, धूळ ब्रशने काढायची, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसायचे, हे सगळं मी शाळेत असतानाच शिकले. म्हणून दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले. घरात अभ्यास होणं मात्र अवघड होतं. आमच्या दोन खोल्यांच्या बरोबर खाली पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की भिंतीवरची भांडी किणकिणू लागत आणि वहीवरची रेघ थरथरे. त्यामुळे मी रोज बस पकडून नारायण पेठेतल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसत असे. पाकिटं आणि लग्नपत्रिका विकणाऱ्या दुकानाच्या वर ती अभ्यासिका होती. फिनेलचा वास, पंख्यांची घरघर, स्पर्धा परीक्षावाल्यांचे झोपाळू चेहरे, आणि दुपारी एकाच वेळी उघडलेल्या डब्यांमधून येणारा पंधरा गावांचा मिळून एक वास. मागच्या खोलीत काही कॉम्प्युटर होते. ते बाबांनीच जोडून दिले होते, आणि बिघडले की तेच येऊन बघत. अभ्यासिकेसारखीच आणखी काही कामं त्यांच्याकडे होती, दुकान त्यावर तगून होतं.

अभ्यासिकेचा कारभार कुमुदताईंच्या हातात होता. त्या कार्यवाह होत्या. बँकेत त्यांनी सगळी नोकरी तपासणी विभागात काढली होती, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी फक्त ऑफिस बदललं, काम तेच चालू ठेवलं, असं मुलं म्हणत. उंच, सडपातळ, सुती साडी, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहायची सवय. त्यामुळे माणूस विचारलं नसतानाही आणखी काहीतरी बोलून जायचा.

एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"चहा घेतेस? नाही? बरं, मग मुद्द्याचं. आपले विश्वस्त देवधर आहेत ना, त्यांचे जावई ज्या कंपनीत आहेत, ती कंपनी आपल्याला नवे कॉम्प्युटर देते आहे. फुकट."

"छान आहे," मी म्हणाले.

"छान आहे की नाही ते मला अजून माहीत नाही. फुकट आहे, एवढंच माहीत आहे." त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक पांढरी, चपटी वस्तू उभी होती. नुसता पडदा वाटावा अशी. "हा नमुना. यात सगळं म्हणे पडद्यातच आहे. वेगळा डबा नाही. आणि अट अशी, की आपले जुने सगळे त्यांना देऊन टाकायचे. जुन्यांचं ते काय लोणचं घालणार आहेत, कोण जाणे."

"मी काय करू?"

"उघड. हा उद्या बिघडला तर इथे, पुण्यात, साध्या माणसाकडून दुरुस्त होईल का? कुठला भाग बदलता येतो, कुठला नाही? एवढं सांगायचं."

"बाबांना बोलावू का?"

"तुझ्या वडिलांना नको. हे आले तर त्यांचं इथलं काम जाणार. ते खरं सांगतीलही, पण कोणी मानणार नाही."

"मी तरी त्यांचीच मुलगी आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर सगळ्यांच्या देखत उघडायचं. तुझ्यावर नजर ठेवता येईल."

हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की राग यायला जागाच राहिली नाही. उलट मला थोडं बरं वाटलं. आपल्यावर संशय आहे हे तोंडावर सांगणारी माणसं मी त्या वयात फार पाहिली नव्हती. न सांगणारी पुष्कळ पाहिली होती.

रात्रीच्या जेवणाला मी घरात सांगितलं. आईला आधी ती वस्तू डोळ्यांपुढे येईना.

"मंग त्याचं पोट कुठाय?" तिने विचारलं.

"पोट नाहीच. सगळं तोंडातच आहे."

"बिनपोटाचा कॉम्प्युटर," आई म्हणाली, आणि आमच्या घरात त्याचं तेच नाव पडलं. "पण फुकटात कोण देऊन राहिलं? अन् तोडफोड झाली तर तुह्या नावावर जाईन. नारायण पेठेत आपलं नाव कायले अडकवतेस?"

"आई, मी काही चोरी करायला चालले नाही."

"चोरी करणाऱ्याचं नाव अडकत नाही, बाई. तो पळून जाते."

बाबा भाकरीचा तुकडा वांग्याच्या रश्श्यात बराच वेळ बुडवून बसले. मग म्हणाले, "समोरची काच चिकटवलेली असणार. गरम करून सोडव. घाई नको करू." एवढंच. ते काम गेलं तर काय, हा विषय घरात निघाला नाही. पण त्यानंतरचे काही दिवस ते दुकानातून उशिरा येऊ लागले, आणि आई दार उघडताना त्यांच्या पिशवीकडे न बघता चेहऱ्याकडे बघू लागली.

रविवारी सकाळी अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत आम्ही जमलो. कुमुदताई खुर्ची ओढून अगदी टेबलाला लागून बसल्या. देवधरकाका उभेच राहिले. ते गोल चेहऱ्याचे, हसरे, सगळ्यांना चॉकलेट वाटणारे गृहस्थ होते. त्यांच्याविरुद्ध माझ्या मनात तोवर काहीही नव्हतं. दारात दोन-तीन मुलं-मुली उभी होती. त्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी प्राजक्ता होती. तिला नवे कॉम्प्युटर हवे होते. जुने सुरू व्हायला इतका वेळ घेत की तेवढ्यात एक धडा वाचून होतो, असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

मी टेबलावर जुनी सतरंजी अंथरून घेतली आणि त्यावर ते यंत्र तोंडावर पालथं घातलं. मागचा पाय सोडवला. त्याचे स्क्रू सरळ निघाले. त्यापलीकडे मात्र पाठीवर एकही स्क्रू नव्हता. नुसतं पांढरं, गुळगुळीत प्लॅस्टिक, आणि पायाच्या जागेखाली एक चौकोनी नक्षी. मी बोट फिरवून कुठे खाच लागते का ते पाहत राहिले. उघडायची इच्छाच नसलेल्या माणसाने बनवलेली वस्तू आहे, असं वाटलं. हे मी मोठ्याने म्हणाले नाही. माझ्या प्रत्येक शब्दाचा अर्थ लावायला दोन माणसं तिथे हजर होती.

मग ते उलटवून काचेकडे वळले. प्राजक्ताचा केस वाळवायचा ड्रायर मी मागून आणला होता. काचेच्या कडेने तो फिरवत राहिले. हळूहळू गोंदाचा वास येऊ लागला, गोडसर, जळक्या साखरेसारखा. बाथरूमच्या टाइलला लावतात तो रबरी हूक काचेला चिकटवून मी ती जराशी उचलली, फट दिसली, तीत जुनं प्लॅस्टिकचं कार्ड सरकवलं, आणि कडेकडेने ते पुढे नेत गेले. चिकटपट्टी तुटताना चरचर असा बारीक आवाज होत होता. देवधरकाका म्हणाले, "मला तर बघवत नाही." कुमुदताई म्हणाल्या, "मग बाहेर थांबा." ते थांबले नाहीत.

काच निघाली. तिच्यामागचा पडदा निघाला. आतली रचना दिसली तेव्हा मी सगळं विसरून क्षणभर नुसती बघत राहिले, कारण ती सुंदर होती. एकच हिरवा बोर्ड, त्यावर एकाला एक लागून सगळं बसवलेलं, आणि पंखा पानासारखा पातळ. मी एकेक भाग दाखवत सांगत गेले. हार्ड डिस्क साधी आहे, कुठेही मिळेल. पंखा बिघडला तर याच आकाराचा लागेल, तो बाजारात मिळेलच असं नाही. प्रोसेसर बोर्डावरच कायमचा जोडलेला आहे. वीजपुरवठ्याचा भागही त्याच बोर्डावर आहे, म्हणजे तो जळला तर बोर्डच जाणार. रॅम मला कुठे दिसली नाही. मी म्हणाले, तीही जोडलेलीच असावी.

"असावी?" कुमुदताईंनी विचारलं.

"मला दिसत नाही. म्हणून असावी."

"म्हणजे थोडक्यात, काही भाग बदलता येतील, बरेचसे नाहीत."

"हो. आणि काहीही बदलायचं झालं तरी दर वेळी ही काच काढावी लागणार."

"पण निघाली की काच," देवधरकाका म्हणाले. "बघा ना, या मुलीने घरच्या ड्रायरने काढली. मग अडचण काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मला ते मान्यच करावं लागलं असतं. मी उलट क्रमाने सगळं पुन्हा बसवलं. पडदा बसला. कडेने नवी चिकटपट्टी लावली, काच दोन्ही हातांनी अलगद टेकवली, आणि तळव्याने कडा दाबत आले. वरची कड बसली, उजवी बसली, डावीही बसली. खालच्या डाव्या कोपऱ्याशी हात आला आणि कट् असा आवाज झाला. फार मोठा नाही. पापड मोडावा तेवढा. कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्याच्या मधोमध येऊन थांबली.

काच का तुटली ते मी आजही सांगू शकत नाही. गरम झालेली काच असमान निवली असेल. पट्टीखाली एखादा कण राहिला असेल. माझा जोर जास्त पडला असेल. नंतर नोकरीत मी असल्या कितीतरी काचा काढल्या आणि बसवल्या. काही तुटल्या, काही नाहीत, आणि प्रत्येक वेळी कारण सापडलंच असं झालं नाही. पण त्या सकाळी त्या खोलीत कारण शोधायची कोणालाच गरज वाटली नाही. कारण तिथे मीच उभी होते.

"वा," देवधरकाका म्हणाले. हसू गेलं होतं. "लागला निकाल. वडिलांचं काम राहिलं."

"काका, मी मुद्दाम नाही केलं."

"मी कुठे तसं म्हटलं? मी एवढंच म्हणतो, की चांगली वस्तू येते आणि या लोकांच्या हातात पडली की..." ते थांबले. मग घाईने म्हणाले, "या लोकांच्या म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या."

ते कोणी विचारलं नव्हतं. खोलीत सगळ्यांनाच ते ऐकू आलं, जे ते म्हणाले तेही आणि जे त्यांनी सावरलं तेही. दारातली मुलं एकेक करून निघून गेली. प्राजक्ता तेवढी थांबली, पण माझ्यासाठी नाही. तिला तिचा ड्रायर परत हवा होता.

कुमुदताईंनी माझ्याकडे बघितलं. ती त्यांची नेहमीची नजर.

"सुजाता, मुद्दाम केलंस?"

"नाही."

"बरं." मग थोड्या वेळाने, "मी विश्वास ठेवला असं समजू नकोस. अविश्वासही ठेवलेला नाही. देवधर, तुमच्या कंपनीला कळवा. आम्ही उघडलं, आमच्या हातून काच फुटली. दुरुस्तीला माणूस पाठवा म्हणावं. खर्च संस्था देईल."

"येईल की. एका फोनवर येतो त्यांचा माणूस. नवी काच बसवून देईल, तुम्हाला कळणारही नाही."

"कळलं नाही तर उत्तमच," कुमुदताई म्हणाल्या. "मला कळावंसं वाटतं, एवढंच."

मी तिथून धायरीला घरी गेले नाही, बिबवेवाडीला दुकानात गेले. बाबा रविवारीही दुकान उघडं ठेवत. ते एक कीबोर्ड उलटा धरून झटकत होते, आणि त्यातून बिस्किटांचा चुरा पडत होता. मी सगळं सांगितलं. देवधरकाकांचं वाक्य सोडून सगळं. बाबांनी कीबोर्ड खाली ठेवला.

"कोणता कोपरा?"

"खालचा डावा."

"खालून सुरुवात केलीस?"

"नाही. तो शेवटचा."

"शेवटी जोर लागत नाही तिथे," ते म्हणाले. "बाकीची काच बसलेली असते." मग त्यांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं. शेजारच्या झेरॉक्सच्या मशीनचा उजेड भिंतीवर इकडून तिकडे सरकत होता. आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सुजाता, तू मुद्दाम तर नाही ना..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. कुमुदताईंना 'नाही' म्हणताना मला काही वाटलं नव्हतं, देवधरकाकांना सांगताना रडू आलं नव्हतं. पण बाबांपुढे तो शब्द म्हणवेना. हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही असं झालं असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. मी पिशवी उचलली आणि बस स्टॉपवर गेले. त्यांनी मागून हाक मारली की नाही, मला आठवत नाही. मारली असावी.

पुढचे काही दिवस आमचं बोलणं बंद होतं. म्हणजे 'पाणी द्या', 'चावी कुठे आहे' एवढं चालू होतं. बाबा समोर आले की मी पुस्तक उघडायची. आईने काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं, देवधरकाकांच्या वाक्यासकट. तिच्यापासून काही लपत नसे. ते वाक्य ऐकून तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "दुरुस्तीवाल्यांच्या म्हणे." मग लाटणं पुन्हा फिरू लागलं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सिलिंडरचं सील चाचपणाऱ्या माझ्या आईने मला एकदाही विचारलं नाही की तू मुद्दाम केलंस का. तिच्या मनात तो प्रश्न आलाच नाही. मी त्याबद्दल तिला कधी काही म्हणाले नाही, आणि आता म्हणता येणार नाही.

कंपनीचा माणूस यायला देवधरकाकांनी सांगितलं होतं त्यापेक्षा बरेच दिवस लागले. कंपनीचं चिन्ह छातीवर असलेला शर्ट, पाठीवर मोठी काळी बॅग, घामाघूम झालेला एक तरुण. कुमुदताईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. देवधरकाकाही होते. त्या तरुणाने यंत्राकडे पाहिलं, काचेवरच्या रेघेवरून बोट फिरवलं, मग कडेला नखाने चाचपलं.

"मॅम, हे ओपन कोणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"कशाने?"

"ड्रायरने."

तो खरोखर चकित झाला. "आम्ही तर ओपनच नाही करत. अलाउडच नाहीये."

"मग काच कशी बदलता?" कुमुदताईंनी विचारलं.

"काच नाही बदलत, मॅम. स्क्रीन गेली की पूर्ण युनिट रिप्लेस. वॉरंटी असेल तर फ्री, नसेल तर नवीन घ्यायचं."

"आणि हे मॉडेल बंद झालं तर?"

"मग त्या टाइमला जे मॉडेल असेल ते."

"पंखा बिघडला तर?"

"सेम. युनिट."

कुमुदताईंनी त्याच्या बॅगेकडे पाहिलं. "मग एवढ्या मोठ्या बॅगेत काय असतं?"

तो ओशाळून हसला. "पॉवर केबल असते. माउस. आणि कस्टमरची साइन घ्यायचे कागद."

देवधरकाकांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मला वाटलं होतं की अशा वेळी मला आनंद होईल. झाला नाही, कारण तेवढ्यात त्या तरुणाने यंत्र पालथं केलं, मी नक्षी समजले होते त्या चौकोनात नाणं अडकवून फिरवलं, आणि झाकण टक्कन निघालं. आत रॅम होती. साधी, बदलता येणारी.

"ही एवढी मात्र चेंज होते," तो म्हणाला. "लोकांना माहीत नसतं."

"म्हणजे हिने सांगितलं ते चूक," देवधरकाका म्हणाले.

"तेवढं चूक," कुमुदताई म्हणाल्या. "ती 'असावी' म्हणाली होती. तुम्ही 'एका फोनवर' म्हणाला होतात." मग माझ्याकडे वळून, "नाणं फिरवून बघायला काय झालं होतं?"

"सुचलं नाही."

"पुढच्या वेळी सुचू दे."

माझ्यावर विश्वास ठेवला, असं त्या तेव्हाही म्हणाल्या नाहीत. पण तो तरुण सही घेऊन गेल्यावर त्यांनी तिथल्या तिथे देवधरकाकांना सांगितलं की पडदा वेगळा आणि डबा वेगळा असे साधे कॉम्प्युटर देणार असाल तर आम्ही आनंदाने घेऊ, हे नकोत. कंपनीने कळवलं की दुसरं देण्यासारखं काही नाही. तो नमुनाही परत गेला, तुटक्या काचेसकट. आमच्या जुन्या कॉम्प्युटरांचं ते काय करणार होते, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

निर्णय बरोबर होता का? मला खात्री नाही. प्राजक्ताने त्यानंतर जागा बदलली. "तुझ्यामुळे आम्ही त्याच ठोकळ्यांवर," एवढंच ती म्हणाली. त्या वर्षी बरीच मुलं ऑनलाइन अर्ज भरायला बाहेर सायबर कॅफेत जात होती, हेही खरं आहे. बाबांनी जोडलेले ते ठोकळे पुढे बरीच वर्षं चालले, हेही खरं आहे. कोणतं यंत्र घ्यावं, कोणतं नाही, अशाच निर्णयांचा मी आता पगार घेते, आणि तरी त्या एका निर्णयाचा हिशोब माझ्याच्याने लागत नाही.

त्या दिवशी मी घरी आले तेव्हा आईने गोळाभात केला होता. भातावर बेसनाचे तिखट गोळे, आणि वाटीत लसणाची फोडणी दिलेलं गरम तेल. खाली गिरणी बंद झाली होती, त्यामुळे घर एकदम मोठं वाटत होतं. आम्ही तिघं जेवायला बसलो. मी आईकडे बघून सगळं सांगितलं: तो तरुण, त्याची बॅग, नाणं, रॅम, कुमुदताईंचा निर्णय. बाबा मान खाली घालून ऐकत होते. अभ्यासिकेचं काम राहिलं हे ऐकून त्यांना हायसं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही.

"मी तुला तसं विचारायला नको होतं," ते म्हणाले.

मी भात कालवत राहिले.

"मी असतो ना तिथे," ते म्हणाले, "तर मी तोडली असती काच."

आईचा हात वाटीपाशी थांबला.

"खरं सांगतो. त्या रविवारी तू सकाळी निघालीस तेव्हा मनात आलं होतं माझ्या. की हिला सांगावं, बसवताना जरा जोर दे. कोणाला कळणार होतं? सांगितलं नाही. पण दिवसभर तेच डोक्यात. अन् तू येऊन म्हणालीस की तुटली, तर मला वाटलं, मी न बोलताच तुला ऐकू गेलं."

रस्त्यावरून एक टेम्पो मागे येत असल्याची शिटी वाजत गेली. बाबांच्या ताटात गोळा तसाच होता, न फोडलेला. इतके दिवस मी त्यांच्या प्रश्नावर चिडून होते, आणि तो प्रश्न त्यांनी मला विचारलाच नव्हता. तो ते स्वतःलाच विचारत होते.

"जेवा आता," आई म्हणाली. "गार होऊन राहिलं."

मी तेलाची वाटी उचलली आणि बाबांच्या भातावर ओतली. लसूण चुरचुरला.

"अजून घालू?" मी विचारलं.

"घाल," ते म्हणाले.